रहस्यकादंबरीविषयी बोलावे कसे आणि रहस्य राखावे कसे

सांगलीत आम्ही आठ-नऊ वाचक २०१७ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी विश्रामबागेतील एका घरी जमतो आणि त्या महिन्यात वाचलेल्या रहस्यकादंबऱ्यांविषयी बोलतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, ज्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणतात. गणपती पेठेत हळदीचा व्यापार करणारे एक काका आहेत, वकिली करणाऱ्या एक ताई आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी दोन मुले आहेत. पहिल्याच बैठकीत बाईंनी आपल्या आवडत्या कादंबरीविषयी मोठ्या उत्साहाने बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्यात त्यांच्या तोंडून निघून गेले, "मला तर शेवटपर्यंत त्या डॉक्टरांचा संशय आला नव्हता." ती कादंबरी खोलीतील पाच जणांनी वाचलेली नव्हती. त्या वर्षी त्या पाचांपैकी कोणीही ती हातात घेतली नाही. पुस्तकावरच्या प्रेमापोटीच बाई बोलत होत्या, आणि त्या प्रेमापोटीच पाच वाचकांचे पहिले वाचन हातचे गेले.

सामाजिक कादंबरीचा शेवट आधी कळला तरी तिच्यात वाचण्यासारखे पुष्कळ उरते. रहस्यकादंबरीही दुसऱ्यांदा वाचता येते, लेखकाने दुवे कुठे पेरले होते हे पाहण्याचा आनंद त्या वाचनात मिळतो. पण काही माहीत नसताना होणारे पहिले वाचन एकदाच मिळते आणि ते दुसऱ्याच्या एका वाक्याने संपू शकते. त्या प्रसंगानंतर आम्ही सगळे इतके सावध झालो की पुढच्या दोन बैठकांत "छान आहे, जरूर वाचा" यापलीकडे कोणी बोलेना. तेही चुकीचेच होते, कारण एवढेच बोलायचे असेल तर एकत्र जमण्याचे प्रयोजन राहत नाही. रहस्य राखूनही मोकळेपणाने, भरभरून बोलता येते, हे आम्ही हळूहळू शिकलो. त्याची गुरुकिल्ली अशी की बोलण्याचा विषय कथानक नसून, ते वाचताना आपल्या मनात पानापानाला काय चालले होते, हा आहे. खाली जे सांगितले आहे ते सारे या एका गोष्टीतून निघालेले आहे.

वाचतानाच नोंद ठेवावी

उलगडा वाचून झाला की मन आपल्याच आठवणी बदलून टाकते. ज्या पात्राकडे आपण दोनशे पाने ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याच्याविषयी "मला पहिल्यापासून काहीतरी खटकत होते" असे आपण मनापासून म्हणू लागतो. म्हणून पुस्तकाबरोबर एक लहान वही ठेवावी आणि त्या-त्या क्षणी मनात आलेला संशय पानाच्या क्रमांकासह दोन ओळींत उतरवावा. नोंद कशी असावी याचा एक कल्पित नमुना देतो: "पान ६२. पुतण्यावर संशय. तो पावसात भिजलो म्हणतो, पण पान ४० वर तो घरी पोचण्याआधीच पाऊस थांबला आहे. खात्री फार नाही, कारण घरातील घड्याळ पुढे आहे असे माळी म्हणाला होता." एवढी नोंद पुरते. संशय कोणावर, कशामुळे आणि किती, या तीन गोष्टी तीत आल्या की महिनाभरानंतरही तो क्षण जसाच्या तसा समोर उभा राहतो.

संशयाखेरीज आणखी दोन प्रकारच्या नोंदी मला उपयोगी वाटतात. आपण एखादे पान कंटाळून भराभर उलटले असेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. कसबी लेखक महत्त्वाचा दुवा नेमका अशाच ठिकाणी ठेवतात. जेवणाच्या पदार्थांच्या यादीत, बागेच्या वर्णनात, शेजारणीच्या लांबलचक तक्रारीत. दुसरी नोंद भीतीची किंवा करुणेची असावी. एखाद्या पात्राविषयी वाटलेली कणव ही संशयाइतकीच बोलण्याजोगी गोष्ट असते, आणि पुष्कळदा त्या कणवेमुळेच आपली नजर चुकते.

नोंद वहीत किंवा चिठ्ठीवर करावी, पुस्तकात करू नये, आणि वाचनालयाच्या पुस्तकात तर कधीही करू नये. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत सुरुवातीला पात्रांची यादी होती आणि त्यातील एका नावाभोवती कोणीतरी पेन्सिलीने वर्तुळ काढून शेजारी "हाच" असे लिहिले होते. मी ते पुस्तक न वाचता परत केले. पेन्सिल असली म्हणून काय झाले. खोडरबराने अक्षर पुसले जाते, वाचलेले पुसले जात नाही.

किती सांगावे

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासमोर बोलताना आम्ही एक मर्यादा ठरवून घेतली आहे. कथेतील पहिली मोठी घटना, म्हणजे बहुधा पहिला खून किंवा पहिली चोरी, घडेपर्यंतचा भाग मोकळेपणाने सांगावा. त्यापुढचे प्रसंग सांगू नयेत. स्थळ, काळ, घर, घरातील माणसे, त्यांचे आपसातील संबंध, तपास करणाऱ्याचा स्वभाव, भाषेची धाटणी, वातावरण, कथा कोणाच्या तोंडून सांगितली आहे, हे सर्व या मर्यादेत येते आणि तेवढ्यावर अर्धा तास सहज बोलता येते. मलपृष्ठावर छापले आहे म्हणून ते सांगायला हरकत नाही असे मात्र समजू नये. मलपृष्ठावरील मजकुरात दुसऱ्या खुनाचा उल्लेख आढळलेली पुस्तके माझ्या कपाटात आहेत.

खरी अडचण उघड वाक्यांची नसते. "खुनी अमुक आहे" असे कोणीच मुद्दाम सांगत नाही. रहस्य फुटते ते स्तुतीतून. "शेवटी असा धक्का बसतो की विचारू नका" असे म्हणताच ऐकणारा वाचक समोरच्या उघड संशयितांना मनातून वगळतो आणि सर्वांत निरुपद्रवी पात्राकडे पाहू लागतो. "त्या मोलकरणीचे पात्र फार बारकाईने रंगवले आहे" या साध्या वाक्याने मोलकरणीवर दिवा लागतो. ऐकणाऱ्याने "तो भाऊ दिसतो खरा गुन्हेगार" असा अंदाज केला आणि आपण "छे, तो नाही" असे म्हटले, तर एक दार कायमचे बंद होते; आणि आपण नुसते हसलो तरी तेच होते. अशा वेळी "तुमचा अंदाज वहीत लिहून ठेवा" एवढेच उत्तर द्यावे, आणि अंदाज बरोबर असो वा चूक, प्रत्येक वेळी याच शब्दांत द्यावे.

सर्वांत घातक असते ती तुलना. "यातली युक्ती त्या दुसऱ्या कादंबरीसारखीच आहे" या एका वाक्याने दोन पुस्तके एकदम जातात: ज्याने दुसरी वाचली आहे त्याला पहिलीचे रहस्य कळते आणि ज्याने पहिली वाचली आहे त्याला दुसरीचे. जाणत्या, भरपूर वाचलेल्या माणसांकडून ही चूक अधिक होते, कारण साम्य ओळखण्याचा आनंद त्यांना आवरत नाही. तुलना करायचीच असेल तर ती वातावरणाची, संवादांची, गतीची करावी. युक्तीची करू नये. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि लेखिका वाचकाशी सरळ वागली की नाही यावर तेव्हापासून वाद होत आले आहेत. हा वाद आहे एवढे सांगणेही न वाचलेल्या माणसाला सावध करणारे आहे, याची मला जाणीव आहे; पण या पुस्तकाविषयी त्यापलीकडे एक शब्दही बोलू नये, हे सांगण्यासाठी तेवढे सांगावे लागते.

एका बाबतीत मात्र रहस्यापेक्षा माणूस मोठा मानावा. कादंबरीत लहान मुलाचा मृत्यू असेल, आत्महत्या असेल, स्त्रीवरील अत्याचाराचे सविस्तर वर्णन असेल, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी तसे दुःख घडून गेले असेल, तर त्या व्यक्तीला बाजूला घेऊन आधी कल्पना द्यावी. त्यातून थोडे रहस्य फुटले तरी चालेल. आमच्या गटात असा प्रसंग एकदा आला. तेव्हा कोणी बोलले नाही, आणि आपण बोलायला हवे होते ही रुखरुख मला आजही आहे.

मराठी क्रियापद गुपित फोडते

हा भाग मी थोडा विस्ताराने लिहितो, कारण मराठीत बोलणाऱ्या वाचकाला ज्या अडचणीला तोंड द्यावे लागते ती इंग्रजीत किंवा बंगालीत बोलणाऱ्याला तितकीशी येत नाही. बंगालीत क्रियापदाला लिंग नसते आणि सर्वनामालाही नसते. इंग्रजीत सर्वनाम टाळले की काम भागते. मराठीत मात्र "खुनी मागच्या दाराने पळाला" म्हणावे की "पळाली" म्हणावे हे बोलताना तत्क्षणी ठरवावे लागते, आणि ज्याला उत्तर माहीत आहे तो माणूस त्या शब्दापाशी क्षणभर अडखळतो. ते अडखळणे कानाला कळते. आमच्या वकीलताईंनी एकदा अशाच एका अडखळण्यावरून गुन्हेगार स्त्री असल्याचे ओळखले आणि नंतर स्वतःच हळहळल्या.

यावर उपाय आहेत, आणि ते भाषेतच आहेत. 'व्यक्ती' हा शब्द पुरुषासाठी वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो. त्यामुळे "ज्या व्यक्तीने हे केले तिला त्या घराची पूर्ण माहिती होती" या वाक्यातून काहीच फुटत नाही. 'संशयित' आणि 'आरोपी' हे शब्दही दोन्हींसाठी चालतात, मात्र त्यांच्यापुढे क्रियापद आले की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालते, याचा पुरेपूर उपयोग करावा: "दुधात विष कालवले", "पत्र जाळले", "कुलूप बदलले" या वाक्यांत कर्त्याचा पत्ता लागत नाही. अडचण येते ती 'येणे', 'पळणे', 'लपणे' अशा अकर्मक क्रियापदांची आणि 'लपवतो-लपवते' अशा वर्तमानकाळाची. तिथे 'कोणीतरी' घालून नपुंसकलिंग वापरावे, "रात्री कोणीतरी आले होते" असे म्हणावे, म्हणजे वाक्यही सहज राहते.

लिंगाइतकीच फसवी गोष्ट आदरार्थी अनेकवचनाची आहे. "त्यांनी खून केला" असे म्हटले की ऐकणारा दोन तर्क करतो: गुन्हा वडीलधाऱ्या माणसाने केला असावा, किंवा एकाहून अधिक जणांनी मिळून केला असावा. याहून सूक्ष्म गोष्ट अशी की शेवट वाचल्यानंतर आपल्या मनातला आदर गळून पडतो आणि जिभेवरचे सर्वनाम बदलते. कादंबरी अर्धी वाचून झालेली असताना "दिवाणजी तेव्हा बाहेर गेले होते" असे म्हणणारा वाचक, पूर्ण वाचल्यावर "तो दिवाण बाहेर गेला होता" असे म्हणू लागतो, आणि हे त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. म्हणून बोलायला सुरुवात करण्यापूर्वी प्रत्येक पात्राला कोणते सर्वनाम वापरायचे हे मनाशी पक्के करावे आणि पुस्तकाच्या पहिल्या पन्नास पानांत लेखकाने जे वापरले आहे तेच ठेवावे. 'व्यक्ती' हा शब्दही पहिल्या वाक्यापासून वापरावा. मध्येच 'तो' सोडून 'व्यक्ती' म्हणू लागलो तर तो बदलच चुगली करतो. पहिल्यांदा हे कृत्रिम वाटेल. तीन-चार बैठकांत जीभ वळते.

बैठकीच्या दोन फेऱ्या

बैठक दोन भागांत विभागावी. पहिल्या फेरीत पुस्तक न वाचलेले सगळे उपस्थित असतात आणि वर सांगितलेली मर्यादा पाळली जाते. त्यानंतर चहा आणि भडंग होते. मग ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही ते व्हरांड्यात किंवा दुसऱ्या खोलीत जातात, दार लावले जाते आणि दुसऱ्या फेरीत शेवटासकट सगळे बोलले जाते. दुसरी फेरी सुरू करणाऱ्याने "आता शेवटाविषयी बोलतो" असे मोठ्याने म्हणून काही क्षण थांबावे. कोणी "मला चालेल, सांगा" असे म्हटले तरी इतरांना पुन्हा विचारावे, कारण एकाच्या होकाराने सगळ्यांचा होकार होत नाही.

एवढे सोवळे कशासाठी, असे नव्याने आलेली माणसे विचारतात. त्यांना काका नेहमी नाटकाचे उदाहरण देतात, आणि सांगलीच्या माणसाला ते लगेच पटते, कारण विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच 'सीता स्वयंवर' रंगवले आणि नाट्यपंढरी हे नाव गावाने तेव्हापासूनचे आपले मानले आहे. ख्रिस्ती यांचेच 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाट्य लंडनमध्ये १९५२ पासून, कोरोनाकाळातील खंड सोडला तर, अखंड चालू आहे. प्रयोग संपला की रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती केली जाते की गुन्हेगार कोण हे बाहेर कोणाला सांगू नका. नाट्यगृहातून बाहेर पडणारी अनोळखी माणसे एवढा संयम पिढ्यान्‌पिढ्या दाखवू शकतात, तर एकमेकांना ओळखणारे आठ-नऊ जण नक्कीच दाखवू शकतात, असे काकांचे म्हणणे असते.

शेवटाच्या आधी थांबून पाहावे

आमच्या गटाला सापडलेली सर्वांत आनंददायक पद्धत आम्हाला कृष्णेच्या पुराने दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गावभागातील आमच्या एका सदस्याच्या घरात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर त्यांनी जी पुस्तके उन्हात वाळवून वाचवली त्यांत एक जुनी रहस्यकादंबरी होती, आणि तिची शेवटची तीस-चाळीस पाने एकमेकांना अशी चिकटली होती की सुटी करायला गेले तर फाटत. दुसरी प्रत मिळायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत सहा जणांनी ती कादंबरी तिथपर्यंत वाचली आणि एकालाही शेवट माहीत नसताना आम्ही तिच्यावर बोललो. तशी चर्चा पूर्वी कधी झाली नव्हती. कोणाला काही लपवायचे नव्हते, कोणी कोणापेक्षा जाणता नव्हता, आणि प्रत्येक जण पान उघडून दाखवत होता.

नंतर वाचनात आले की अमेरिकेत १९२९ पासून 'एलरी क्वीन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली या दोन मावस भावांनी आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत उलगड्यापूर्वी मुद्दाम थांबून वाचकाला आव्हान दिले होते: सगळे दुवे आता तुमच्यासमोर आहेत, उत्तर तुम्हीच काढून पाहा. आम्ही हीच रीत आता मुद्दाम पाळतो. ती अशी.

एक जण सोडून कोणीही आधी वाचलेले नाही याची खात्री करून एक पुस्तक निवडावे. ज्याने ते पूर्वी वाचले आहे त्या एकाच व्यक्तीला उलगडा कोणत्या पानापासून सुरू होतो ते विचारावे, आणि त्या व्यक्तीने त्या बैठकीत गप्प बसण्याचे मान्य करावे. तेथून पुढची पाने प्रत्येक प्रतीत दोऱ्याने बांधावीत. सर्वांनी तिथपर्यंत वाचून यावे. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला संशयित, त्याचा हेतू आणि त्याला मिळालेली संधी लिहावी, सही करावी आणि चिठ्ठी वाटीत टाकावी. हे बोलण्याआधी करावे, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचे मत सगळ्यांचे होऊन बसते. मग एकेकाने आपली बाजू मांडावी. "मला तसे वाटते" हे पुरेसे मानू नये. पानाचा क्रमांक द्यावा आणि ते वाक्य वाचून दाखवावे. सगळ्यांचे झाले की दोरा सोडावा आणि चांगला आवाज असलेल्या एकाने शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचावे. आमच्याकडे हे काम बाई करतात, आणि उलगड्याच्या वाक्यापाशी त्या जो थांबा घेतात तो ऐकण्यासाठी मी एकही बैठक चुकवत नाही.

चिठ्ठ्या उघडल्यावर कोण जिंकले याकडे फार वेळ देऊ नये. कोणाला कोणता दुवा दिसला आणि कोणता निसटला, आणि का, हे बोलावे. यातच खरी श्रीमंती आहे. एका कादंबरीत खर्चाच्या वहीतला हिशेब जुळत नव्हता. काकांनी तो पहिल्या वाचनातच पकडला, कारण त्यांचा सारा जन्म वजने आणि पावत्या तपासण्यात गेला आहे. बाईंना दोन पत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका सारख्याच आहेत हे दिसले. वकीलताईंना साक्षीदाराने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिल्याचे खटकले. माझ्या नजरेतून ही तिन्ही ठिकाणे निसटली होती आणि मी वहीत बागेच्या वर्णनाविषयी लिहिले होते. प्रत्येक जण आपला व्यवसाय, आपले घर आणि आपले वय घेऊन पुस्तक वाचत असतो. चार माणसांचे वाचन एकत्र ठेवले की ती कादंबरी एकट्याने वाचली होती त्याहून मोठी होते.

शेवट कळल्यानंतरची चर्चा

दुसऱ्या फेरीत पुस्तकाची पारख करताना दोन तक्रारी वेगळ्या ठेवाव्यात: 'मला कळले नाही' आणि 'लेखकाने सांगितले नाही'. पहिली आपली असते, दुसरी लेखकाची. दुसरी तक्रार करण्यापूर्वी पुस्तक मागे उलटून पाहणे बंधनकारक करावे. एकदा आम्ही पाच जणांनी एकमुखाने लेखकावर ठपका ठेवला की मागच्या दाराला दुसरी किल्ली होती हे त्याने आधी सांगितलेच नव्हते; तेव्हा महाविद्यालयातील मुलाने तिसरे प्रकरण काढले, आणि तिथे आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

मोजपट्टी हवी असेल तर इंग्रज धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेले दहा नियम माहीत असावेत. त्यांतील दोन आजही उपयोगी आहेत: गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच आलेला असावा, आणि तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा त्याने वाचकापासून लपवू नये. हे नियम तोडूनही उत्तम कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत, म्हणून त्यांचा उपयोग निवाड्यासाठी न करता प्रश्न विचारण्यासाठी करावा. नियम मोडला असेल, तर मोडून काय मिळवले?

शिवाय प्रत्येक पुस्तकाला एकच मोजपट्टी लावू नये. रहस्यकथा, हेरकथा, थरारकथा आणि गूढकथा हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यांची वचने वेगवेगळी असतात. कोडे सोडवण्याचे वचन रहस्यकथा देते; थरारकथा धावण्याचे देते; गूढकथेत सगळे उलगडलेच पाहिजे असे नाही. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक आमच्या गटातील सत्तरीच्या सदस्यांचे बालपण व्यापून आहेत. त्या पुस्तकांत दुव्यांची साखळी शोधत बसणाऱ्या तरुणाला ती उथळ वाटतात. पण साहसाची, वेषांतराची आणि वेगाची कथा म्हणून त्यांच्याकडे पाहिले की मराठीत वाचनाची गोडी घराघरांत कशी पोचली असेल हे उमगते. ज्येष्ठांनी अशा वेळी "तुम्हाला नाही कळायचे" असे म्हणू नये आणि तरुणांनी नाक मुरडू नये. ज्येष्ठांनी एखादा प्रसंग वाचून दाखवावा, बाकी काम तो प्रसंग करतो.

"मला तर पन्नासाव्या पानालाच कळले होते" हे वाक्य मात्र बैठकीत आणूच नये. ते खरे असेल तर वहीत पानासह लिहिलेले असेल आणि ती नोंद वाचून दाखवता येईल. तिथे लिहिलेले नसेल तर त्याने इतरांचा हिरमोड होण्यापलीकडे काही होत नाही. अनुवादित पुस्तकावर बोलताना अनुवादकाचे नाव घ्यावे. बंगालीतून आलेल्या कथेत अनुवादकाने क्रियापदांचा पेच कसा सोडवला आहे हे शेवट कळल्यानंतर पुन्हा पाहण्यासारखे असते.

चुकून सांगून गेलेच तर

कितीही काळजी घेतली तरी कधी ना कधी तोंडून निघून जाते. त्या क्षणी सावरण्यासाठी खोटे बोलू नये. "नाही नाही, मी गंमत केली" असे म्हटल्याने ऐकणाऱ्याची खात्रीच होते, आणि वर आपल्या शब्दावरचा त्याचा विश्वास जातो. सरळ क्षमा मागावी, विषय तिथेच थांबवावा आणि त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक त्याच्या हाती द्यावे. फुटलेल्या रहस्याचे पुस्तक कपाटात खाली, नजरेआड ठेवायला सांगावे आणि दोन-तीन वर्षे त्याचे नाव काढू नये. नाव-गाव विसरण्याची शक्ती आपल्या स्मरणशक्तीइतकीच भरवशाची असते.

बाईंच्या त्या पहिल्या बैठकीतील पाचांपैकी एक जण म्हणजे आमचे हळदीचे व्यापारी काका. चार वर्षांनी त्यांनी ती कादंबरी कपाटातून काढली. कोणीतरी कोणत्यातरी डॉक्टरांविषयी काही बोलले होते एवढेच त्यांना आठवत होते, आणि त्या कादंबरीत डॉक्टर तीन आहेत. त्यांची वही मी पाहिली आहे. पान ४८ च्या नोंदीत त्यांचा संशय घराच्या मुनीमावर आहे, आणि कारण म्हणून लिहिले आहे की हळदीच्या पोत्याचे वजन तो सांगतो तेवढे असूच शकत नाही.